सत्तरीला जे दिले ते दिव्यांगांनाही द्या, आणि दिलेले टिकवा

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य,
मा. मंत्री, दिव्यांग कल्याण,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, राज्य आरोग्य हमी सोसायटी,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : ज्येष्ठ नागरिक व दिव्यांग व्यक्तींच्या शासकीय आरोग्य विम्याचे संरक्षण करण्याबाबत.

महोदय / महोदया,

सादर नमस्कार.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना या आपल्या राज्यात एकत्रितपणे राबवल्या जातात. या योजनांमुळे वृद्धांना आणि दिव्यांगांना आज जे आरोग्यकवच मिळाले आहे ते कोणत्याही कारणाने पातळ होऊ नये, आणि त्यात वय व अपंगत्व यांना जी वेगवेगळी वागणूक मिळते आहे ती थांबावी, या दोन मागण्यांसाठी हे पत्र आहे. सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकाला उत्पन्नाची अट न लावता पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देण्याचा निर्णय केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये घेतला; तोच न्याय दिव्यांग व्यक्तीला, तिचे वय काहीही असो, लावला जावा असे माझे म्हणणे आहे. शासकीय रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून नोकरी करताना, आणि निवृत्तीनंतर तालुक्याच्या गावी ज्येष्ठांचे व दिव्यांगांचे अर्ज भरून देताना जे पाहिले, त्याच्या आधारावर हे लिहीत आहे.

आधी जे झाले आहे त्याची नोंद करतो, कारण जपायचे काय हे त्यावरून कळते. १९९७ सालची जीवनदायी योजना, २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू होऊन नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर गेलेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना, २०१७ मध्ये तिला मिळालेले महात्मा फुले यांचे नाव, २०१८ मध्ये तिच्या जोडीला आलेली आयुष्मान भारत योजना, आणि १ जुलै २०२४ पासून शिधापत्रिकेचा रंग न पाहता राज्यातल्या सर्व कुटुंबांना वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत लागू झालेले संरक्षण, असा हा प्रवास आहे. या काळात सरकारे बदलली, योजनेची नावे बदलली, दीड लाखांची मर्यादा पाच लाखांवर गेली. पण एकदा आत घेतलेल्या माणसाला बाहेर काढण्याचे काम कोणत्याही सरकारने केले नाही. ही परंपरा राज्याने अभिमानाने सांगावी अशी आहे आणि ती पुढे मोडली जाऊ नये.

या योजनेचे मोल वृद्ध आणि दिव्यांग माणसाला जितके आहे तितके दुसऱ्या कोणालाही नाही. तरुण, धडधाकट, पगारदार माणसापुढे विम्याचे दहा पर्याय असतात. सत्तरीच्या, मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या शेतकऱ्यापुढे तसे नसते. पासष्ट वर्षांनंतर नवी आरोग्य पॉलिसी देण्याचे बंधन खासगी कंपन्यांवर १ एप्रिल २०२४ पर्यंत नव्हतेच. आता वयाची ती अट गेली असली तरी हप्ता वयाप्रमाणे चढत जातो, आणि आधीपासून असलेल्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावण्याची मुभा कंपन्यांना आहे. ज्येष्ठांच्या हप्त्यात वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढ करायची असेल तर आधी विमा नियामक प्राधिकरणाशी सल्लामसलत करा, असा आदेश जानेवारी २०२५ मध्ये काढावा लागला, यावरून ही वाढ किती बेसुमार झाली असेल हे लक्षात येते. दिव्यांगांची अवस्था याहून कठीण होती. मणक्याच्या दुखापतीमुळे चालता न येणाऱ्या माणसाला केवळ त्या कारणावरून पॉलिसी नाकारली जात असे. डिसेंबर २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने स्पष्ट केले की आरोग्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि विम्यात दिव्यांगांशी भेदभाव करता येणार नाही; त्यानंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये नियामक प्राधिकरणाने सर्व कंपन्यांना दिव्यांगांसाठी पॉलिसी आणण्याचा आदेश दिला. त्या पॉलिसींचा हप्ता परवडणारी घरे किती आहेत, हे वेगळे सांगायला नको. म्हणून शासनाचा विमा हा या लोकांसाठी अनेक पर्यायांतला एक नाही. तो गेला किंवा अडला तर त्यांच्यामागे काहीही उरत नाही, उरते ते फक्त शेत, दागिने किंवा सावकार.

राज्यघटनेच्या ४१व्या अनुच्छेदात बेकारी, वार्धक्य, आजार आणि विकलांगता या प्रसंगी नागरिकाला लोकसाहाय्य मिळवून देण्याची परिणामकारक तरतूद राज्याने आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत करावी, असे मार्गदर्शक तत्त्व घालून दिले आहे. वार्धक्य, आजार आणि विकलांगता यांचा उल्लेख तिथे एकाच ओळीत, एकाच न्यायाने केला आहे. आपल्या आरोग्य विम्यात मात्र ते तसे राहिलेले नाहीत, आणि माझ्या मते या पत्रातला हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे.

आयुष्मान भारत योजना २०१८ मध्ये सुरू झाली तेव्हा लाभार्थी कुटुंबे २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणनेवरून ठरवण्यात आली. ग्रामीण भागासाठी वंचिततेचे काही निकष होते. त्यातला एक असा होता की ज्या घरात विकलांग व्यक्ती आहे आणि एकही धडधाकट प्रौढ नाही, ते घर पात्र. दुसरा असा की ज्या घरात सोळा ते एकोणसाठ या वयातला एकही प्रौढ नाही, ते घर पात्र. याचा अर्थ, अपंगत्व असून भागत नव्हते. घरात कमावता, सशक्त माणूस कोणी नाही, हेही सिद्ध व्हावे लागे. पोलिओ झालेल्या बहिणीचा भाऊ मजुरी करत असेल तर त्या निकषाखाली ते घर बसत नव्हते, कारण भावाचे हातपाय शाबूत होते. भावाच्या मजुरीतून बहिणीची शस्त्रक्रिया होते की नाही, हा प्रश्न त्या गणनेत विचारलेलाच नव्हता. दिव्यांग व्यक्तीकडे स्वतंत्र नागरिक म्हणून न पाहता कुटुंबावरचे एक ओझे म्हणून पाहण्याची ही दृष्टी आहे.

वृद्धांच्या बाबतीत ही दृष्टी केंद्र सरकारने बदलली. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झालेल्या आयुष्मान वय वंदना कार्डामुळे सत्तर वर्षांवरील व्यक्ती तिच्या वयाच्या आधारावर पात्र ठरते. मुलगा किती कमावतो, घर पक्के आहे की कच्चे, हे कोणी विचारत नाही. कुटुंब आधीच योजनेत असेल तर या ज्येष्ठांना वर्षाला आणखी पाच लाख रुपयांपर्यंतचे वेगळे संरक्षण मिळते आणि ते घरातल्या तरुण सदस्यांशी वाटून घ्यावे लागत नाही. पती-पत्नी दोघेही सत्तरीपुढचे असतील तर ते दोघांत मिळून असते. आधीच्या आजारांनाही पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे. या निर्णयाने एक तत्त्व मान्य झाले : आजाराचा धोका ज्याला अधिक आहे, त्याला घराच्या सामाईक हिश्शातून नव्हे तर त्याच्या स्वतःच्या नावाने कवच मिळाले पाहिजे.

हेच तत्त्व दिव्यांगांना का लागू होऊ नये, याचे उत्तर मला कुठेही सापडलेले नाही. महाराष्ट्रात आता सर्व कुटुंबे योजनेत आल्यामुळे दिव्यांग व्यक्तीही आत आली, हे खरे. पण ती कुटुंबाच्या सामाईक पाच लाखांत आली. ज्या घरात वडिलांची हृदयशस्त्रक्रिया झाली आहे, आईचे डायलिसिस चालू आहे, आणि स्नायूंच्या क्षयाचा आजार असलेला तिशीतला मुलगा श्वासाच्या त्रासाने पुन्हापुन्हा दाखल होतो आहे, त्या घराने पाच लाख कोणासाठी राखून ठेवायचे? अशा घरांत हा निर्णय कसा होतो ते मी पाहिले आहे. तो मुलगा स्वतःच म्हणतो की माझे राहू द्या. त्याला असे म्हणावे लागू नये, यासाठी विमा असतो.

दिव्यांगांच्या आरोग्य विम्याची जबाबदारी कायद्याने शासनावर टाकलेली आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. त्याच्या कलम २४ मध्ये, जे दिव्यांग राज्य कामगार विम्यात किंवा अन्य कोणत्याही शासकीय विमा योजनेत येत नाहीत त्यांच्यासाठी सर्वंकष विमा योजना असावी, असे म्हटले आहे. कलम २५ मध्ये घराजवळ, विशेषतः ग्रामीण भागात, उत्पन्नाच्या अधिसूचित मर्यादेला अधीन राहून मोफत आरोग्यसेवा, शासकीय व खासगी रुग्णालयांच्या सर्व भागांत अडथळामुक्त प्रवेश, आणि तपासणी व उपचारांत प्राधान्य यांची तरतूद आहे. केंद्राने २०१५ मध्ये स्वावलंबन नावाची योजना आणली होती, तिच्यात वार्षिक तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या दिव्यांगांना दोन लाखांचे संरक्षण होते आणि हप्त्याचा बहुतांश भाग सरकार भरत होते. ती काही वर्षांतच बंद पडली. राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना चालू आहे आणि ती चांगली आहे, कारण तिच्यात बाह्यरुग्ण तपासणी, औषधे आणि थेरपी यांचाही खर्च मिळतो. पण तिची मर्यादा एक लाख रुपये आहे, ती स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यापुरती आहे, आणि तिच्यात पैसे आधी खिशातून भरून मग मागावे लागतात. कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. दृष्टिहीन, कर्णबधिर, कुष्ठरोगातून बरे झालेले, पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, हिमोफिलिया, थॅलेसेमिया, आणि आपल्या विदर्भात व नंदुरबारच्या पट्ट्यात घरोघर दिसणारा सिकलसेल, या सर्वांचा त्यात समावेश आहे. यांपैकी बहुतेकांच्या वाट्याला आज कुटुंबाच्या सामाईक कार्डाशिवाय काहीच नाही.

वृद्ध आणि दिव्यांग हे दोन वेगळे गट मानून एकाला आधी आणि दुसऱ्याला नंतर, असा क्रम लावणेही वस्तुस्थितीला धरून नाही. मुंबईतल्या देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने देशातील वृद्धांच्या आरोग्याची जी मोठी पाहणी केली, तिच्यात साठीपुढच्या सुमारे चाळीस टक्के लोकांना कोणते ना कोणते अपंगत्व असल्याचे आढळले. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढची लोकसंख्या एक कोटी दहा लाखांहून अधिक आणि दिव्यांगांची संख्या सुमारे २९ लाख ६३ हजार होती. त्या जनगणनेत आजच्या २१ प्रकारांपैकी अनेकांची गणनाच नव्हती. शिवाय साठ ते एकोणसत्तर हे दशक मधल्या मध्ये लोंबकळत राहिले आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात साठीला ज्येष्ठत्व येते, राज्याच्या वयोश्री योजनेत पासष्टीला, आणि वय वंदना कार्डासाठी सत्तरीला. पक्षाघाताने एक बाजू लुळी पडलेल्या बासष्ट वर्षांच्या माणसाने स्वतंत्र कवचासाठी आठ वर्षे थांबावे का? दिव्यांगांना वयाची अट न लावता स्वतंत्र कवच दिले, तर या दशकातल्या सर्वांत गरजू लोकांचा प्रश्न आपोआप सुटतो.

आता दिलेले टिकवण्याबद्दल. कवच काढून घेण्यासाठी शासन निर्णय काढावा लागत नाही. ते दारात, काउंटरवर, कागदपत्रांत हळूहळू झिजते. आजीचे नाव मुंबईला राहणाऱ्या मुलाच्या शिधापत्रिकेत असते आणि आजी गावी असते. आधारवरची जन्मतारीख खेड्यात अंदाजाने लिहिलेली असते, त्यामुळे प्रत्यक्षात पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस कागदोपत्री अडुसष्टचा निघतो. ओटीपी ज्या मोबाइलवर जातो तो नातवाकडे पुण्यात असतो. आयुष्यभर खुरपे धरलेल्या बाईचा अंगठा उमटत नाही. आणि कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या ज्या माणसाची बोटे झडली आहेत, ज्याच्या डोळ्यांवरही त्या रोगाचा परिणाम झाला आहे, त्याला यंत्रापुढे उभे करून ओळख पटत नाही असे सांगणे, हे बाबा आमट्यांनी आनंदवन उभारलेल्या राज्यात होता कामा नये. आधार नोंदणीतच अशा व्यक्तींसाठी अपवादाची सोय आहे. ज्यांच्या नावापुढे असा अपवाद नोंदलेला आहे, किंवा ज्यांच्याकडे दिव्यांगत्वाचे यूडीआयडी (विशिष्ट ओळख क्रमांकाचे) कार्ड आहे, त्यांना केवळ बोटांचे ठसे जुळले नाहीत म्हणून दाखल करून घेण्यास विलंब होणार नाही, असा स्पष्ट लेखी आदेश प्रत्येक अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेल्या, रुग्णालयाला द्यावा. ओळख पटवण्याचे काम दाखल केल्यानंतर आरोग्यमित्राने, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाने, खाटेपाशी जाऊन करावे. चालता न येणाऱ्या माणसाला खिडकीपाशी आणवू नये. खिडकीची उंचीही व्हीलचेअरवर बसलेल्या माणसाला आतला कर्मचारी दिसेल इतकी असावी, ही मागणी लहान वाटली तरी कलम २५ च्या अडथळामुक्त प्रवेशाची सुरुवात तिथूनच होते.

वृद्ध व्यक्ती ज्यांच्या घरी आहे त्या प्रत्येकाने एक वाक्य ऐकलेले आहे : "ही केस योजनेत बसत नाही." हे वाक्य नेहमी तोंडी असते. ते कोणी म्हटले, कोणत्या नियमाच्या आधारे म्हटले, हे कुठेही लिहिले जात नाही, आणि म्हणून त्याविरुद्ध दादही मागता येत नाही. कधी खाट शिल्लक नसते, कधी यंत्र बंद असते, कधी आधी तपासण्यांचे पैसे भरा, मंजुरी आल्यावर बघू, असे सांगितले जाते. नातेवाईक घाबरलेले असतात. ते पैसे भरतात, आणि एकदा रोखीने दाखल झालेला रुग्ण पुन्हा योजनेत घेणे बहुतेक वेळा होत नाही. माझी आग्रहाची विनंती आहे की अंगीकृत रुग्णालयाने साठीपुढच्या किंवा दिव्यांग रुग्णाला योजनेतून उपचार नाकारले, तर त्याचे कारण ठरावीक नमुन्यात, मराठीत, सही-शिक्क्यासह त्याच दिवशी देणे बंधनकारक करावे आणि त्याची एक प्रत संगणकीय प्रणालीतून सोसायटीकडे यावी. एवढ्या एका गोष्टीने निम्म्या तक्रारी जागच्या जागी मिटतील, अशी माझी खात्री आहे, कारण जे तोंडी म्हणता येते ते सहीनिशी लिहिताना माणूस विचार करतो.

रुग्णालये वृद्धांना का टाळतात, याचा प्रामाणिक विचारही व्हायला हवा. सगळा दोष लोभाचा नाही. योजनेत प्रत्येक उपचाराचा दर ठरलेला असतो. खुब्याचे हाड मोडलेला चाळीस वर्षांचा माणूस आणि त्याच दुखण्याची ब्याऐंशी वर्षांची बाई यांचे पॅकेज सारखेच. पण त्या बाईला मधुमेह असतो, हृदय कमजोर असते, भूल देण्याआधी चार तज्ज्ञांची मते लागतात, अतिदक्षता विभागात दोन दिवस जास्त लागतात, आणि गोंधळलेल्या मनःस्थितीत ती रात्रभर जागी असते म्हणून तिच्यापाशी माणूस ठेवावा लागतो. ठरलेल्या दरात हे बसवताना तालुक्याच्या गावच्या वीस खाटांच्या रुग्णालयाला तोटा होतो. मग पुढच्या वेळी ते तशा रुग्णाला जिल्ह्याच्या गावी पाठवते. वय, सहआजार आणि दिव्यांगत्व यांच्यासाठी पॅकेजच्या दरात ठरावीक टक्क्यांची वाढ देण्याची सोय केली, तर हा अन्याय मुळातूनच कमी होईल. याच्याच जोडीला रुग्णालयांची देयके मुदतीत चुकती झाली पाहिजेत. ऑगस्ट २०२५ मध्ये हरियाणातील खासगी डॉक्टरांनी थकीत देयकांसाठी आयुष्मान योजनेखालील सेवा थांबवल्या, तेव्हा त्याचा फटका सरकारला किंवा डॉक्टरांना नाही, तर पुढची तारीख मिळालेल्या रुग्णांना बसला. महाराष्ट्रावर ती वेळ येऊ द्यायची नसेल तर देयकांच्या मुदतीचे वेळापत्रक आणि थकबाकीची रक्कम दर तिमाहीस जाहीर करावी. उशीर झाल्यास व्याज देण्याची तरतूदही असावी.

गैरव्यवहारांना आळा घातलाच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. महालेखापरीक्षकांच्या ऑगस्ट २०२३ मधील अहवालात आयुष्मान योजनेचे सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच मोबाइल क्रमांकाशी जोडलेले आढळले होते. पण त्या अहवालाचा धडा यंत्रणेने आपली नोंदणी नीट करावी असा आहे. प्रत्येक रुग्णाकडून आणखी एक कागद मागावा असा नाही. बनावट दावा करणारा कागदांत हुशार असतो, आणि कागद जमवताना थकून परत जाते ती एकटी राहणारी म्हातारी.

एका मोठ्या उणिवेकडे मला अधिक विस्ताराने लक्ष वेधायचे आहे, कारण वृद्ध आणि दिव्यांग यांच्या बाबतीत तीच सर्वांत महागात पडते. योजना रुग्णालयात दाखल झाल्यावर सुरू होते. आयुष्मान भारतच्या नियमांप्रमाणे दाखल होण्याआधीचे तीन दिवस आणि घरी गेल्यानंतरचे पंधरा दिवस एवढाच बाहेरचा खर्च धरला जातो. खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्या म्हाताऱ्या माणसाला पुन्हा चालते करायला महिनोन्महिने व्यायामोपचार लागतात. ते मिळाले नाहीत तर शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही माणूस अंथरुणाला खिळतो, आणि मग छातीत कफ, पाठीला जखमा, असे एकामागून एक सुरू होते. मणक्याच्या दुखापतीनंतर पायांतली संवेदना गेलेल्या तरुणाला रोज लागतात त्या वस्तू साध्या आहेत : स्वच्छ कॅथेटर, हवेची गादी, जखमेच्या मलमपट्टीचे साहित्य, दर दोन महिन्यांनी लघवीची तपासणी. यातली एकही वस्तू योजनेतून मिळत नाही. कॅथेटर पुन्हापुन्हा वापरल्यामुळे मूत्रपिंडापर्यंत जंतुसंसर्ग पोहोचला आणि तो शुद्ध हरपून दाखल झाला, की मात्र योजना हजारो रुपये भरायला तयार असते. हा खर्च शासनाच्या दृष्टीनेही चुकीच्या जागी होतो आहे. आरोग्यावरच्या देशाच्या एकूण खर्चापैकी २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्के खर्च लोकांच्या खिशातून झाला होता, आणि खाट लागत नाही अशा उपचारांचा व औषधांचा वाटा त्यात मोठा असतो. निरामय योजनेने बाह्यरुग्ण सेवा आणि थेरपी विम्यात बसवता येतात हे दाखवून दिले आहे. तिच्यासारखाच, वर्षाला ठरावीक रकमेचा बाह्यरुग्ण भाग सत्तरीपुढच्यांसाठी आणि दिव्यांगांसाठी पाच लाखांच्या आतच मोकळा करावा. एकूण मर्यादा वाढवण्याचीही त्यासाठी गरज नाही. आहे त्याच रकमेचा काही हिस्सा घरी राहणाऱ्या रुग्णाला वापरता यावा, इतकेच.

अंतराचा प्रश्न मी थोडक्यात मांडतो, कारण तो आपणांस ठाऊक आहे. भामरागडच्या माणसाला मोठी शस्त्रक्रिया म्हणजे नागपूर, आणि ते तीनशे किलोमीटरच्या पलीकडे आहे. धडगाव, मोखाडा, धारणी यांची गोष्ट वेगळी नाही. दिव्यांग किंवा अतिवृद्ध रुग्ण एकटा जाऊ शकत नाही, त्यामुळे त्याच्यासोबतच्या माणसाची मजुरी, जेवण आणि मुक्काम हा उपचाराचाच खर्च असतो. कलम २५ मधल्या घराजवळच्या सेवेला अर्थ यायचा असेल, तर आदिवासी व डोंगरी तालुक्यांतील अशा रुग्णांना सोबतच्या एका व्यक्तीसह प्रवासभत्ता योजनेतूनच मिळावा, आणि शासकीय रुग्णालयांसाठी राखीव असलेले उपचार त्या जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयात खरोखर होतात की नाही हे दर वर्षी तपासले जावे. राखीव ठेवलेला उपचार जिल्ह्यात होतच नसेल, तर ते राखीवपण रुग्णासाठी बंदीसारखेच ठरते.

या सगळ्याला कायद्याचा आधार हवा, असे मला वाटते. आजचे पाच लाखांचे संरक्षण शासन निर्णयावर उभे आहे, आणि शासन निर्णय दुसऱ्या शासन निर्णयाने बदलता येतो. राजस्थान विधानसभेने मार्च २०२३ मध्ये आरोग्याच्या हक्काचा कायदा केला; पुढे नियम वेळेवर न आल्याने त्याचा लाभ लोकांपर्यंत पोहोचण्यात अडथळे आले, हेही आपण लक्षात घ्यावे. महाराष्ट्राने सर्वांसाठीचा कायदा करण्यास वेळ लागणार असेल, तर निदान ज्येष्ठ आणि दिव्यांग यांच्यापुरता हक्क आधी कायद्यात आणावा : कवचाची रक्कम कमी होणार नाही, नाकारण्याचे कारण लेखी मिळेल, आणि त्याविरुद्ध जिल्हा पातळीवर ठरावीक दिवसांत निकाल देणारी यंत्रणा असेल. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २० मध्ये शासकीय रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी खाटा, स्वतंत्र रांगा आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयात वृद्धोपचारांचा अनुभव असलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली सोय यांचा उल्लेख आहेच; विम्याची हमी त्याला जोडली तर तो कायदाही अधिक जिवंत होईल. महाराष्ट्राने २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला. त्या विभागाने आणि आरोग्य विभागाने एकत्र बसून हा मसुदा करावा, आणि मसुदा करताना दिव्यांगांच्या व ज्येष्ठांच्या संघटनांना, विशेषतः जिल्ह्यांतल्या संघटनांना, टेबलापाशी बसवावे.

यासाठी लागणारी माहिती सोसायटीकडे आधीच आहे, ती फक्त वेगळी काढून दाखवायला हवी. किती दावे सत्तरीपुढच्यांचे होते, किती दिव्यांगांचे, किती मंजूर झाले, किती कोणत्या कारणाने फेटाळले गेले, आणि कोणत्या तालुक्यात वर्षभरात एकही वय वंदना कार्ड वापरले गेले नाही, हे दर वर्षी जिल्हानिहाय प्रसिद्ध करावे. त्यासाठी दाव्याच्या अर्जात यूडीआयडी क्रमांकाचा एक रकाना वाढवावा लागेल. तो आज नसेल तर दिव्यांगांना या योजनेतून नेमके किती मिळते हे शासनालाही सांगता येणार नाही.

आमच्या तालुक्यातील ज्येष्ठ नागरिक संघ आणि दिव्यांगांची संघटना यांनी नाकारल्या गेलेल्या प्रकरणांची कागदपत्रे, संबंधितांच्या संमतीने, एकत्र ठेवली आहेत. आपण सांगाल त्या दिवशी ती सोसायटीच्या कार्यालयात आणून दाखवण्याची आमची तयारी आहे. येत्या अर्थसंकल्पात दिव्यांग व्यक्तींच्या स्वतंत्र पाच लाखांच्या कवचासाठी वेगळे लेखाशीर्ष उघडले जाईल का, आणि उपचार नाकारण्याच्या लेखी कारणाचा आदेश अर्थसंकल्पाची वाट न पाहता काढता येईल का, या दोन प्रश्नांची लेखी उत्तरे आपल्याकडून मिळावीत, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)